जीन टेस्टमध्ये व्हीईजीएफ 'हाय प्रोड्यूसर' आलंय, आईसारखे माझेही डोळे बिघडणार का?

तुम्ही लिहिलंय की आईला डायबेटिसमुळे डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत, तुमची स्वतःची शुगर गेल्या वर्षी निघाली, आणि आता ऑनलाइन जीन टेस्टमध्ये व्हीईजीएफच्या (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रोटीन) जीनमध्ये +४०५ या जागी जीजी (दोन्ही प्रतींत 'जी' हे अक्षर; काहींना 'सी' असतं), 'हाय प्रोड्यूसर' असं लाल अक्षरात आलंय. पहिलं म्हणजे त्या लाल रंगाला घाबरू नका.

मी ताळगाव पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, बायोटेक केलंय, रक्तातल्या पांढऱ्या पेशी हाताळल्यात, म्हणून सांगते हे 'हाय' आलं कुठून. रक्त फायकॉल नावाच्या जड द्रवावर हळूच सोडून सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवलं की लाल पेशी तळाला, पिवळा प्लाझ्मा वर आणि मधे पातळ पांढुरकी रिंग दिसते, ती पिपेटने अलगद उचलायची (हात हलला की गेलं सगळं). त्यात लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी असतात. त्यांना एलपीएस, म्हणजे बॅक्टेरियाच्या भिंतीचा तुकडा द्यायचा आणि त्यांनी किती व्हीईजीएफ बाहेर सोडलं ते एलायझाने (प्रोटीन मोजायची लॅब टेस्ट) मोजायचं. २००० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी हेच केलं तर जीजीवाल्यांचं सर्वात जास्त, जीसीचं मधलं, सीसीचं कमी निघालं. हे अक्षर जीनच्या सुरुवातीला, प्रोटीनचा कोड सुरू व्हायच्या आधी बसतं, त्यामुळे प्रोटीन सगळ्यांचं तेच, नळाची तोटी तेवढी कमीजास्त उघडी.

आता गंमत बघा. २००२ साली जपानमधल्या डायबेटिसच्या पेशंटमध्ये रेटिनाचा (डोळ्याच्या पडद्याचा) त्रास सीसीवाल्यांना जास्त दिसला आणि त्यांच्या सीरममध्ये (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) व्हीईजीएफसुद्धा जास्त! एकदम उलटं. पण सीरम काढताना रक्त गोठू द्यावं लागतं, गोठताना प्लेटलेटसुद्धा व्हीईजीएफ सोडतात, म्हणजे तो आकडा काही नुसत्या पांढऱ्या पेशींचा नव्हे. आणि डोळ्यात तर भलतंच चालतं, साखरेने बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, रेटिनाला ऑक्सिजन कमी पडतो आणि मग रेटिनाच्याच पेशी व्हीईजीएफ बनवायला लागतात. आईचं इंजेक्शन बहुतेक त्यालाच अडवणारं असेल. तिथे ना बॅक्टेरिया, ना एलपीएस, मग बशीतल्या मोनोसाइटवरून तुमच्या डोळ्याचं भविष्य कसं काय सांगणार? टेस्ट विकणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही.

तसं बघायला गेलं तर २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या सर्व्हेत देशात सर्वात जास्त डायबेटिस आपल्या गोव्यात, २६.४ टक्के, त्यामुळे जीजी असो की सीसी, आपल्याकडे शुगर निघाली की डोळे दाखवायचेच. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि बीपी सांभाळा, आणि थेंब घालून पडदा तपासून घ्या, पहिल्यांदा आत्ताच आणि मग वर्षातून एकदा, दिसायला काही त्रास नसला तरी. त्या दिवशी स्कूटर घरी ठेवून कुणाला तरी सोबत न्या हां, थेंबांनी काही तास धूसर दिसतं आणि उन्हात तर डोळे उघडवत नाहीत.