राग काढायला तबला नको

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. शाळेतून आला की दप्तर फेकतो, मोबाइल काढून घेतला की दार आपटतो, धाकट्या बहिणीवर हात उगारतो. शेजारच्या काकू म्हणतात, तबल्याला घाला, सगळा राग तिथे निघून जाईल. डबे-ताटं तो दिवसभर बडवतोच. घालावं का?
– एक आई, मानेवाडा

उत्तर : घाला, पण काकूंच्या कारणासाठी नको. नागपूरच्या महाल भागात आमच्या पुढच्या खोलीत मी 26 वर्षांपासून तबला शिकवून राहिले. तबल्यावर राग निघाला असा एकही पोट्टा मी पाहिला नाही. जोरात मारलं की तबला बोलतच नाही. ‘ना’ वाजवायचा तर अनामिका अलगद टेकलेली ठेवायची आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे कातड्याच्या कडेवर, पडली की लगेच उचलायची. बोट दाबून धरलं की नुसतं ‘टप्प’. चिडलेला हात सुरुवातीला हेच करतो. मी टोकत नाही, त्याचं त्यालाच ऐकू येतं.

मागे असाच एक यायचा. तिसऱ्याच आठवड्यात त्यानं माझ्या तबल्यावर हातोडी घातली, वरची कातड्याची पुडी फाटली. मी इतकी ओरडले की आठ दिवस तो फिरकला नाही. पोरांच्या हाताशी हातोडी ठेवली मी, आणि बोलणी खाल्ली त्यानं! परत आला तेव्हा तीच हातोडी त्याच्या हातात दिली आणि तबला मिळवायला, म्हणजे सुरात लावायला, बसवलं. पुडीभोवतीच्या विणलेल्या गजऱ्यावर वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. सगळ्या घरांचा, म्हणजे कडेवरच्या सगळ्या भागांचा, सूर सारखा लागेस्तोवर तबला फिरवत ऐकत राहायचं. अर्धा तास पठ्ठ्या मान वाकवून बसला होता. त्याच्या आईला सांगितलं तर तिला खरंच वाटेना.

हात आवरायला शिकवणारी दुसरी जागा म्हणजे तीनतालाची ‘खाली’, बिनटाळीची मात्रा. सोळा मात्रा हातावर मोजायच्या. नवव्या मात्रेला टाळी द्यायची नाही, हात नुसता बाजूला न्यायचा. चिडक्या मुलांची टाळी नेमकी तिथेच पडते. महिना-दीड महिन्यानं हात थांबायला लागतो. बहिणीवर उगारलेला हातही थांबेल का? कधी थांबतो, कधी नाही. तेवढ्यावर विसंबू नका. हा चिडकेपणा अलीकडेच सुरू झाला असेल तर आधी शाळेत जाऊन चौकशी करा. झोप-जेवण बिघडलं असेल किंवा तो स्वतःला इजा करत असेल, तर बालमानसतज्ज्ञांकडे न्या. क्लास त्यानंतर.

घरी रोज पंधरा मिनिटं पुरेत. ‘मस्ती केलीस तर क्लास बंद’ असं चुकूनही म्हणू नका. पाहुण्यांसमोर ‘वाजवून दाखव रे’ तर नकोच. गांधर्व महाविद्यालयाच्या ‘प्रारंभिक’ परीक्षेला वर्षभरानं बसला तरी काही बिघडत नाही. तबला-डग्ग्याची जोडी विकत घ्यायची घाई नको, दोन-तीन महिने क्लासमधल्यावरच वाजवू द्या. घेतली की उन्हाळ्यात कूलरसमोर ठेवू नका, ओल्या हवेनं पुडी सैल पडते आणि सूर उतरतो. शाळेतून आला की थेट क्लासला पाठवू नका. आधी पोहे-बिहे काही खाऊ द्या, अर्धा तास लोळू द्या. उपाशी पोट्ट्याला माझ्याच्यानंही शिकवणं होत नाही.