पुरी, पेढा आणि तांबडी पेशी

प्रश्न : बाबांना प्रोस्टेटसाठी महिन्यातून एकदाच ल्यूप्रोलाइडचं इंजेक्शन देतात. कुपीतली पांढरी पूड द्रवात हलवून टोचतात. ती महिनाभर पुरते कशी? रक्तपेशीसारखे कणही बनवतात म्हणे?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : माझ्या वडिलांनाही हेच इंजेक्शन होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. त्या पुडीत पीएलजीए नावाच्या पॉलिमरचे, म्हणजे लांब साखळीसारखे रेणू असलेल्या पदार्थाचे, सूक्ष्म गोळे असतात आणि औषध त्यांच्यात अडकवलेलं असतं. शरीरातल्या पाण्याने पॉलिमर हळूहळू तुटतो, औषध झिरपत राहतं. उरतात लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लं. ती शरीर पचवतं. अमेरिकेत याला 1989 मध्ये मान्यता मिळाली.

हे गोळे स्नायूत किंवा कातडीखाली बसून राहतात. रक्तात फिरायचं तर गोष्ट वेगळी, कारण भक्षक पेशी परके कण गिळतात. तांबडी पेशी 7-8 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तरी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून वाकून जाते आणि सुमारे 120 दिवस टिकते. मी विद्यार्थ्यांना बांगडीतून पुरी दुमडून काढायला लावते. तेवढाच रुंद पेढा अडतो. आकार आणि लवचिकता, दोन्ही हवीत. 2006 च्या प्रयोगांत लांबट कणाच्या टोकाशी भिडलेल्या भक्षक पेशीने तो गिळला; चपट्या बाजूला भिडलेली नुसती पसरली! 2009 मध्ये पीएलजीएच्या साच्यावर प्रथिनांचे थर चढवून, मग साचा विरघळवून, तांबड्या पेशीसारखे मऊ कण घडवले गेले. तुमच्या बाबांच्या कुपीत मात्र साधे गोळेच आहेत, आणि त्यांच्या कामाला तेच योग्य. तारीख चुकवू नका.