आधी पाकीट बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतीस, मागे लसीकरणाला आलेली पोरं रडत होती, म्हणून म्हटलं सगळं लिहूनच पाठवते. तुझ्या उपकेंद्रातली ती बावीस वर्षांची सून माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांच्या दुसऱ्या पाकिटावर आहे, नऊ दिवस रक्ताचे डाग थांबत नाहीत, आणि तू तिला "गोळ्या बंद कर, मग बघू" असं सांगणार होतीस. सांगितलं नाहीस ते फार बरं केलंस. माझी सगळी नोकरी चोपडा-यावलच्या पट्ट्यात गेली. गोळ्या नीट घेऊनही दिवस गेले अशी बाई मला क्वचित भेटली. डाग दिसला म्हणून घाबरून गोळ्या सोडल्या आणि तीन-चार महिन्यांनी पोट घेऊन आल्या, अशा मात्र कितीतरी.

पाकिटात 28 गोळ्या. 21 पांढऱ्या, त्यांत संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स. 7 तपकिरी, त्या नुसत्या लोहाच्या. तपकिरी गोळ्यांवर रक्त जातं ती पाळी, त्यात काळजीचं काही नाही. पांढऱ्यांवर दिसतो तो मधला डाग. म्हणजे पहिला प्रश्न हाच: डाग दिसला तेव्हा कुठल्या रंगाची गोळी चालू होती? निम्म्या बायकांची भीती या एका प्रश्नातच उतरते.

पांढऱ्या गोळीत इस्ट्रोजेन अगदी थोडं असतं, 0.03 मिलिग्रॅम, आणि सोबत 0.15 मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे दुसरं संप्रेरक. एवढ्या मात्रेवर गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, आणि त्याला सवय होईपर्यंत ते मधूनच थोडं थोडं सुटतं. बायकांना मी सांगायची, नवी सारवलेली भिंत सुरुवातीला कुठे कुठे पोपडे सोडते, तशातलं हे. भिंत काही पडत नाही. बहुतेकींचं पहिल्या तीन पाकिटांत आपोआप थांबतं. ही गोष्ट पहिलं पाकीट हातात देतानाच सांगायची, डाग दिसल्यावर नाही. आधी सांगितलेलं असलं की बाई म्हणते, "सिस्टरनी सांगितलंच होतं." नंतर सांगितलं की तिला वाटतं आपण सारवासारव करतोय. तोवर सासूने "गोळी गरम पडली" असा निकाल दिलेला असतो.

पण धीर देण्याआधी विचारायचं, हे मी उशिरा शिकले. एका बाईला मी तीन महिने "थांबेल, थांबेल" म्हणत राहिले. ती क्षयाची औषधं घेत होती, आणि ते मी विचारलंच नव्हतं. त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे गोळीतली संप्रेरकं यकृतात लवकर मोडून संपतात. डाग येतात आणि गर्भही राहू शकतो. तिला दिवस गेले. तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. फिटच्या काही गोळ्यांचंही असंच आहे, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन. म्हणून "दुसरं काही औषध चालू आहे का" असं मोघम विचारू नकोस, बायका "नाही" म्हणून मोकळ्या होतात. क्षयाचं आहे का, फिटचं आहे का, असं नाव घेऊन विचार.

आणि पाकीट आणायला सांग. "रोज घेते" यावर विसंबू नकोस, आणि ती खोटं बोलते असंही समजू नकोस. पाकीट उजेडाला धर, कुठल्या खाचा फुटल्यात ते बघ. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात एकीचं पाकीट मी असंच पाहिलं. बाणाप्रमाणे सात गोळ्या ओळीने गेलेल्या, मग चार तशाच, मग दोन गेलेल्या, मग पुन्हा तीन तशाच. खोदून विचारलं तेव्हा ती रडायलाच लागली. सासूला दिसू नये म्हणून पाकीट तुरीच्या डाळीच्या डब्यात. डाग दिसला की तिला बाहेर बसवायचे, स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. मग डब्याला हात कसा लागणार? गोळ्या चुकायच्या, चुकल्या की डाग वाढायचा, डाग वाढला की पुन्हा बाहेर. तिचा काय दोष होता सांग? मी तिला पाकीट ओढणीच्या गाठोड्यात ठेवायला लावलं, दुसऱ्याच महिन्यात डाग थांबले. म्हणून पाकीट कुठे ठेवतेस, हे प्रत्येकीला विचारायचंच.

आपल्या खान्देशात गोळ्या चुकण्याचे दिवसही ठरलेले आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी माहेरी येते, पाकीट सासरी राहतं. ऊसतोडीला निघालेलं कुटुंब भांडीकुंडी बांधतं, तेवढ्या महिन्यांची पाकिटं न्यायचं कोणाला सुचत नाही. श्रावणात घरी कानबाई देवी बसायची असली की तिच्या रोटाच्या, म्हणजे प्रसादाच्या दिवशी पाळीची अडचण नको म्हणून दुकानातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या येतात, आणि बाई त्या माला-एनच्या जोडीला घेते नाहीतर माला-एन सोडून घेते. मग महिनाभर घोळ. तिला सांग, वेगळी गोळी लागतच नाही. पांढऱ्या संपल्या की तपकिरी सोडून नव्या पाकिटाची पांढरी सुरू करायची, पाळी पुढे जाते. थोडा डाग दिसू शकतो, तेही सांगून ठेव.

चुकल्यावर काय करायचं ते तुला शिकवलेलं आहे, तरी लिहिते. एक चुकली तर आठवेल तेव्हा लगेच, आणि त्या दिवशीची तिच्या वेळेला. दिवसात दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली एकच घ्यायची, पुढे रोजची एक, आणि सात दिवस निरोध. तिसऱ्या आठवड्यात चुकल्या असतील तर तपकिरी न घेता थेट नवं पाकीट. पहिल्या आठवड्यात चुकल्या आणि संबंध आला असेल तर 72 तासांच्या आत तातडीची गोळी. गोळी घेतल्यापासून दोन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्यायची. यातलं काही सांगताना रागावू नकोस. एकदा रागावलीस की ती पुढच्या वेळी पाकीट दाखवणार नाही.

वाट बघायची नाही ते वेगळं. तासाभरात घडी किंवा पॅड भिजतोय, ओटीपोटात कळ येतेय, संबंधानंतर रक्त जातंय, अंगावरून वासाचं जातंय, किंवा तीन पाकिटं नीट घेऊनही डाग हटत नाहीत, तर डॉक्टरांकडेच पाठव. गोळ्या चुकल्यात आणि तपकिरीवर पाळी आली नाही, तर आधी लघवीची तपासणी. पोटरी सुजून दुखतेय, छातीत दुखतंय, डोकं कधी नव्हे असं ठणकतंय किंवा डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर गोळी तिथेच बंद आणि बाई लगेच दवाखान्यात. पाड्यांवरच्या बायकांना सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) विचारल्याशिवाय पाकीट देऊ नकोस. असेल तर डॉक्टर ठरवतील. छाया ही दुसरी, संप्रेरक नसलेली गर्भनिरोधक गोळी घेणारीचा हिशेब वेगळा, तिची पाळी लांबते; तिला माला-एनचे नियम लावू नकोस.

आणि हे सगळं झाल्यावरही ती म्हणाली, "ताई, मला हे नकोच," तर मोडता घालू नकोस. दुसरं साधन दे, पण त्याच दिवशी दे, रिकाम्या हाताने परत पाठवू नकोस.

उद्या जाशील तेव्हा सासूसमोर विषय काढू नकोस. बाळाचं वजन करायचं म्हणून तिला उपकेंद्रात बोलाव, पाकीट बाळाच्या दुपट्यात गुंडाळून आणायला सांग. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल आणि ती पाजत असेल, तर माला-एन तिला द्यायलाच नको होती, तेही तपास. पाकिटात काय निघालं ते रात्री फोन करून सांग, मी जागी असते.

तुझी,
सिस्टर मावशी