रिपोर्ट नॉर्मल, पण अंग दुखतंच

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ४३. तीन वर्षं झाली, मान, खांदे, कंबर, मांड्या, सगळंच दुखतं. सकाळी उठते ती रात्रभर गोधड्या धुतल्यासारखी. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. एका डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'फायब्रोमायल्जिया' लिहिलं, दुसऱ्यांनी 'क्रॉनिक फटिग' म्हटलं, तिसऱ्यांनी 'टेन्शन घेऊ नका' म्हणत व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. निवडणुकीच्या ड्यूटीनंतर दुसऱ्या दिवशी ठीक होते, तिसऱ्या दिवशी मात्र उठवेना. पुढे आठवडाभर आंघोळ केली तरी आडवं पडावं लागायचं. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी नव्हतं हे असलं काही. रात्री मोबाईलवर शोधते, तर एक जण सांगतो रोज पाच हजार पावलं चाला, दुसरी सांगते अंथरुणातून हलू नका, तिसरा २१ दिवसांत बरं करणारं चूर्ण विकतो. खात्रीची माहिती कुठे मिळेल? आणि माझ्यासारखं दुखणं असलेल्या बायका कुठे भेटतील?
– एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : ताई, पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. ड्यूटीनंतर दुसऱ्या दिवशी ठीक, तिसऱ्या दिवशी आडव्या. माझ्या दवाखान्यात बसून हे सांगितलं असतंत, तर मी तुम्हाला तिथेच थांबवून चार प्रश्न विचारले असते.

मोबाईलवरचे ते 'चाला'वाले आणि 'हलू नका'वाल्या, दोघंही कदाचित खरं बोलत असतील, आपापल्या आजाराबद्दल. फायब्रोमायल्जियात स्नायूंना इजा नसते. मज्जासंस्थाच साध्या दाबालाही दुखणं ठरवते. त्यात हळूहळू, झेपेल तेवढा व्यायाम उपयोगी पडतो. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सगळे उपचार तपासले, त्यात ठाम शिफारस एकट्या व्यायामाची केली. गोळ्यांचीसुद्धा नाही. क्रॉनिक फटिगचा, ज्याला डॉक्टर आता एमई/सीएफएस म्हणतात, मामला उलटा. कष्ट झाले की लगेच नव्हे, बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी माणूस कोसळतो आणि कधी कधी आठवडे सावरत नाही. ही त्या आजाराची खूणच आहे. अशा माणसाला 'रोज थोडं थोडं वाढवत न्या' म्हणणं घातक ठरू शकतं. ब्रिटनमध्ये आरोग्याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेण्याच्या व्यायामाची शिफारस काढून टाकली.

त्याआधी तोच व्यायाम सर्रास लिहून दिला जायचा, २०११ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासाच्या जोरावर. तो अभ्यास पटला नाही तो रुग्णांना. त्यांतले कित्येक अंथरुणाला खिळलेले. एकमेकांना भेटले ते इंटरनेटवरच, अर्ज केले, मूळ आकडे मागितले, आणि २०१६ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने तो अभ्यास करणाऱ्या विद्यापीठाला ते आकडे उघड करायला लावले. म्हणून 'मोबाईलवर शोधू नका' असं मी पेशंटना म्हणत नाही. आमचेच काही व्यवसायबंधू म्हणतात, म्हणू देत.

पण तुमचं दुखणं यातलं नेमकं कुठलं, की दोन्ही (दोन्ही एकत्र असतात, हेही सांगून ठेवते), हे कळल्याशिवाय ग्रुपमध्ये शिरलात तर दुसऱ्याचा सल्ला तुमच्या अंगावर येईल. आधी एक काम करा. वहीच्या पानावर तीन रकाने आखा : आज काय केलं, उद्या कसं वाटलं, परवा कसं वाटलं. पंधरा दिवस भरा. शाळेत किती तास उभ्या होतात, जिना किती वेळा चढलात, भाकरी कुणी थापल्या, सगळं लिहा. फळ्यावर लिहिता लिहिता साधा शब्द आठवत नाही का, प्रार्थनेला उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का, तेही लिहा. मग ते पान घेऊन ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञाकडे जा. अमेरिकेत २०१५ मध्ये ठरलेल्या निकषांप्रमाणे एमई/सीएफएस म्हणायला सहा महिन्यांहून अधिक काळाचा थकवा, कष्टानंतरचं हे कोसळणं, झोपूनही न मिळणारी विश्रांती आणि डोकं न चालणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं, एवढं लागतं. कुठलीही रक्ततपासणी यावर शिक्कामोर्तब करत नाही. तपासण्या करायच्या त्या दुसरं काही नाही ना हे बघायला. 'रिपोर्ट नॉर्मल' असं लिहिलंत, पण काय काय तपासलं ते लिहिलं नाहीत. थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), साखर, बी१२, व्हिटॅमिन डी, सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी तपासणी), एवढं झालंय का बघा. झोपेत घोरता का, हे यजमानांना विचारा. घोरताना श्वास अडकत असेल तर सकाळचा थकवा त्यानेही येतो.

आता माहिती कुठे. शोधताना आजाराचं नाव इंग्रजीत टाइप करा, मराठीत शोधलंत की आधी चूर्णवालेच भेटतात. नावापुढे एनएचएस लिहा, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचं पान उघडेल. एमई/सीएफएससाठी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचं पान आहे. फायब्रोमायल्जियासाठी आर्थ्रायटिस यूके (आधीचं नाव व्हर्सेस आर्थ्रायटिस) या ब्रिटिश संस्थेची पुस्तिका फुकट वाचता येते, आणि औषधाचं नाव समजून घ्यायचं असेल तर अमेरिकेची मेडलाइनप्लस ही सरकारी वेबसाइट. यातलं कुणीही तुम्हाला गोळ्या किंवा चूर्ण विकत नाही, हाच माझा पहिला निकष. दुसरा, पानावरची तारीख. एमई/सीएफएसबद्दलचं पान २०२१च्या आधीचं असेल तर त्यातला व्यायामाचा भाग सोडून द्या. मोबाईलवर पानाचं मराठी भाषांतर एका बोटाने होतं, जरूर करा, फक्त औषधाचे डोस वाचायचे ते मूळ इंग्रजीतून.

माणसं भेटायची तर आर्थ्रायटिस यूकेचं रुग्णांसाठी ऑनलाइन दालन आहे. फेसबुकवर दोन्ही आजारांचे खूप ग्रुप आहेत, बहुतेक इंग्रजी. कुठेही गेलात तरी आधी काही दिवस नुसतं वाचा, बोलू नका. कुणी गोळीचं नाव विचारलं की लोक 'डॉक्टरांना विचारा' म्हणतात की डोस सांगून मोकळे होतात? कुणी 'मला आता बरं वाटतंय' लिहिलं तर त्याचं कौतुक होतं, की 'मग तुला हा आजार नव्हताच' म्हणून त्यालाच झोडपतात? हा दुसरा प्रकार मी पाहिलाय, तिथून निघावं. ॲडमिन खासगीत मेसेज करून काही विकू लागला तर ब्लॉक. रिपोर्टचे फोटो टाकायचे नाहीत, त्यावर तुमचं नाव, वय, लॅबचा नंबर सगळं असतं.

अजून एक, किरकोळ वाटेल. ब्रिटनमध्ये संध्याकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. गप्पा रंगतात त्या नेमक्या आपल्या झोपेच्या वेळी. तुम्ही सकाळी चहा घेताना वाचा, उत्तरं कुठे पळून जात नाहीत.

मन फारच खचलं तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. तिथे फोन केला म्हणजे आजार मनाचा ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात तुमच्या चिठ्ठ्यांवरची दोन्ही नावं आहेत, 'टेन्शन' म्हणणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही. सासूबाईंच्या वेळीही हे होतंच हो. बायका 'वात आलाय' म्हणून विटकरीचा शेक घेत माजघरात पडायच्या आणि पाहुणे आले की उठून चहा टाकायच्या.

प्रश्न : माझ्या भावाला फायब्रोमायल्जिया आहे. ऑनलाइन ग्रुपमध्ये प्रेगाबालिनचं नाव वाचून त्याने ती मेडिकलमधून आणली, त्यात मिथाइलकोबालामिनही (बी१२चा एक प्रकार) आहे. आठ दिवस घेतली, फरक नाही. आता बंद करू का विचारतोय.
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : आठ दिवसांत निकाल लावू नका, पण डॉक्टरांना न दाखवता चालूही ठेवू नका, नि स्वतःहून एकदम बंदही करू नका. प्रेगाबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं, चिठ्ठीवरच द्यायचं औषध आहे. मेडिकलवाल्याने ते तसं देणं चूकच. अमेरिकेत २००७ पासून फायब्रोमायल्जियासाठी ते मान्य आहे, काहींना छान लागू पडतं, काहींना चक्कर येते, पाय सुजतात, वजन वाढतं. एकदम बंद केलं तर झोप उडते, मळमळतं, घाबरं होतं, म्हणून डोस उतरवत आणावा लागतो, आणि तो किती नि कसा हे त्याचं वय आणि किडनीचा रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. गोळ्यांची पट्टी घेऊन याच आठवड्यात दाखवा. भाऊ गाडी चालवतो का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. या गोळीने डुलकी येते, तोवर मोटारसायकलची किल्ली तुमच्याकडे ठेवा.