पाटीवरचा सहाचा आकडा

पुणे, बुधवार रात्र

प्रिय पोरी,

रविवारी बालेवाडीच्या स्टेडियमवर ५००० मीटरची शर्यत मध्येच सोडून परत येताना तू बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलीस. स्वारगेट येईपर्यंत एक शब्द बोलली नाहीस आणि उतरताना एवढंच म्हणालीस, "ताई, माझं मनच कच्चं आहे." त्या गर्दीत मी काही बोलले नाही. सोमवारपासून तू ग्राउंडवरही आली नाहीस. म्हणून हे पत्र तुझ्या रूममेटच्या हाती पाठवते आहे. फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणून ठेवून देशील, हे मला माहीत आहे.

आधी घड्याळाचं बोलू. ५००० ची शर्यत सुरू होते त्या बाजूला मी उभी होते, तुझे सातही लॅप, म्हणजे ट्रॅकच्या ४०० मीटरच्या फेऱ्या, माझ्या वहीत आहेत. आपलं ठरलं होतं ८४ सेकंदांचा लॅप, साडेबारा लॅपचे १७ मिनिटं ३० सेकंद. तू पळालीस ७९, ८१, ८२, ८४, ८६, ८९, ९१. बेरीज कर, ५९२ येते. ठरल्याप्रमाणे ५८८ यायला हवी होती. म्हणजे ट्रॅक सोडून तू आत उतरलीस तेव्हा आपल्या वेळेच्या अवघी चार सेकंद मागे होतीस. १७:३० त्या दिवशी होणार नव्हती, ते मी नाकारत नाही. पण उरलेले साडेपाच लॅप तू रखडत ९२ नं काढले असतेस तरी १८:१८ झाली असती. तुझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ १८:२६ आहे. तू तुझ्या सर्वोत्तम शर्यतीतून बाहेर पडलीस, पोरी, आणि तुला वाटत होतं की सगळं संपलं.

असं का वाटलं, ते तूच सांगितलंस. फिनिश लाइनवरच्या, उरलेले लॅप दाखवणाऱ्या पाटीवर सहाचा आकडा दिसला आणि "अजून सहा?" असं मनात आलं. तिथून अर्ध्या लॅपवर तू थांबलीस. त्या आकड्यानं तुझ्या पायांना काही केलं नव्हतं. पळताना आपला मेंदू सतत हिशेब मांडत असतो, की किती दमलोय आणि किती उरलंय. पहिल्या तीन लॅपमध्ये तू ठरल्यापेक्षा दहा सेकंद जास्त वेगानं गेलीस, कारण नाशिकच्या मुली पुढे निघाल्या आणि तुला मागे राहायची भीती वाटली. त्या दहा सेकंदांची किंमत सहाव्या-सातव्या लॅपला द्यावी लागली. दहाव्या लॅपला यायला हवा तो थकवा तुला सातव्याला आला, हिशेब जुळेना आणि मेंदूनं सांगितलं, थांब. ही चूक वेगाच्या अंदाजाची आहे. तू तिला स्वभावाचं नाव दिलंस.

५००० मध्ये सहावा ते दहावा हे लॅप फार एकटे असतात. सुरुवातीला अंगात जोर असतो, शेवटच्या लॅपला घंटा वाजते, लोक ओरडतात. मधल्या लॅपला कुणी टाळ्या वाजवत नाही. तिथं विचार येतातच, भल्याभल्यांना येतात. ते येऊ नयेत म्हणून धडपडू नकोस, त्यात दम वाया जातो. विचार आला की नजर एका ठरलेल्या जागी न्यायची. मी पुढच्या मुलीच्या दोन खांद्यांच्या मधोमध बघायचे आणि आपले खांदे वर चढलेत का, मुठी आवळल्यात का, एवढंच तपासायचे. मग पुढचं वळण येईपर्यंतच पळायचं. वळण आलं की पुन्हा तेच. पाटीकडे बघायचंच नाही, राहिलेले लॅप मोजायला मी आहे.

"दुखणं हा मनाचा खेळ आहे" असं सांगणारे तुला पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. दोन्ही मांड्या जड होणं, छाती भरून येणं हे शर्यतीचं दुखणं, ते सोबत घेऊन पळता येतं. पण एकाच पायात, एकाच जागी, टोचल्यासारखं दुखलं तर तिथल्या तिथे थांबायचं. त्या थांबण्याला मी कधी नावं ठेवणार नाही.

स्टीपलचेस, म्हणजे ३००० मीटरची अडथळ्यांची शर्यत, पळणाऱ्या अविनाश साबळेचं नाव तुम्ही सगळ्या घेता, पण घेता ते पदकासाठी. मला त्याच्या २०२२ मधल्या दोन शर्यती शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात. जुलैमध्ये अमेरिकेतल्या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी संथ झाली आणि तो ८:३१.७५ वेळेसह अकरावा आला. तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ८:११.२० वेळ दिली, रौप्य मिळवलं, सुवर्ण फक्त ०.०५ सेकंदानं हुकलं. १९९८ पासून त्या शर्यतीतली सगळी पदकं केनियाचे धावपटू नेत होते. तीन आठवड्यांत माणसाचे पाय बदलत नाहीत. अकराव्या नंबरानंतर तो स्वतःला काय म्हणाला हे मला ठाऊक नाही, पण त्या एका शर्यतीवरून त्यानं स्वतःचा निकाल लावला नाही, एवढं नक्की. आणि तुझ्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. तुझं गाव तिथून किती लांब आहे, ते तुला मी सांगायला नको.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. "मन कच्चं" हे शब्द माझ्याबद्दलही वापरले गेले आहेत. मी वीस वर्षांची होते. १०,००० च्या शर्यतीत अठराव्या लॅपला मी थांबले. माझे तेव्हाचे कोच सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या पायात आहे, मनात नाही." दोन वर्षं मी ते वाक्य पाठीवर घेऊन पळाले. जास्त पळाले, कमी जेवले, कारण मला स्वतःला शिक्षा करायची होती. पाळी चार-चार महिने यायची नाही आणि मला ते बरंच वाटायचं, कटकट गेली म्हणून. शेवटी पर्वतीच्या पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा आईनं ओढत डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. अंगात प्राणवायू वाहून न्यायला रक्तच पुरेसं नव्हतं आणि मी मनाला दोष देत बसले होते. ती दोन वर्षं मला परत मिळाली नाहीत, म्हणून तुझ्यावर ती वेळ येऊ द्यायची नाही.

तू हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवतेस, उपवास धरतेस, जेवण झालं की लगेच चहा पितेस. गेल्या महिन्यात टेकडीवरच्या साध्या इझी रनलाही तुला धाप लागत होती, ते मी पाहिलं आणि गप्प राहिले. ती माझी चूक. नुसतं हिमोग्लोबिन बघून चालणार नाही, फेरिटिनही, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासायचं. शरीरातला लोहाचा साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं, त्यामुळे रिपोर्ट "नॉर्मल" येऊनही मुलगी दमलेली असू शकते. लांब पळणाऱ्या मुलींमध्ये हे नेहमी दिसतं. पाळीचंही मला खरं सांग. त्यात लाजायचं काही नाही, मला ते तुझ्या लॅपच्या वेळांइतकंच महत्त्वाचं आहे. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफनं २००३ ला लंडनमध्ये २:१५:२५ चा मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला होता. पुढच्या वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये ३६ किलोमीटरच्या आसपास ती थांबली आणि रस्त्याच्या कडेला बसून रडली. तिच्याच देशात तिला पळपुटी म्हणणारे निघाले. पायाच्या दुखापतीवर घेतलेल्या औषधांनी तिचं पोट पार बिघडलं होतं. त्याच नोव्हेंबरमध्ये तिनं न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. मॅरेथॉनमध्ये तेव्हा जगात सगळ्यात वेगवान असलेली बाईसुद्धा शर्यत मध्येच सोडते. आधी कारण शोधायचं, पोरी. मनाला बोल लावायचाच असेल तर तो सगळ्यात शेवटी.

तपासणीत काही निघालं नाही तर? तरी मी तुला कच्ची म्हणणार नाही. मग आपण मधल्या लॅपची तयारी करू, जशी पायांची करतो तशीच.

शुक्रवारी सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन ये, पैसे माझ्याकडून घे. शनिवारी सहाला सणस मैदानावर. १००० मीटरच्या पाच दौडी करायच्या आहेत, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. पहिल्या दोन ग्रुपबरोबर. तिसरी आणि चौथी तू सगळ्यांच्या पुढे पळशील, हातात घड्याळ न घालता. वेळ मी सांगणार नाही, सगळं झाल्यावर वही दाखवेन. पाचवी नकोशी वाटली तर सोडलीस तरी चालेल, पण तिसरी आणि चौथी सोडायची नाही.

आणि रविवारपासून तू घरी फोन केलेला नाहीस. काल रात्री तुझ्या वडिलांचा मला फोन आला होता, पोरगी बरी आहे ना, एवढंच विचारत होते. शर्यतीचं काहीच विचारलं नाही. तूच सांग त्यांना. ७९ पासून ९१ पर्यंतचे सगळे आकडे सांग, ५९२ सांग, ५८८ सांग. बाजार समितीत आयुष्यभर मापाडी म्हणून काट्याकडे बघत आले आहेत ते. चार म्हणजे किती, ते त्यांना बरोबर कळेल.

तुझी,
ताई