वाचकांचे प्रश्न : गुरू आणि आयोची छायाचित्रे कशी वाचावीत?

प्रश्न : कॅसिनी यानाने १ जानेवारी २००१ रोजी टिपलेल्या छायाचित्रात गुरूचा चंद्र आयो गुरूच्या ढगांना जवळजवळ टेकलेला दिसतो. तो इतका जवळ आहे का?

उत्तर : मुळीच नाही. त्या क्षणी आयो आणि ढग यांच्यात सुमारे साडेतीन लाख किमी अंतर होते, म्हणजे गुरूचे जवळजवळ अडीच व्यास. यान मात्र दोघांपासून सुमारे एक कोटी किमी दूर होते. एवढ्या लांबून पाहिले की पुढचे-मागचे एकाच पडद्यावर चिकटवल्यासारखे दिसते. ढगांवर काळा गोल ठिपका दिसला, तर तो चंद्राची सावली आहे की गडद ढग, हे ठरवायला निरनिराळ्या फिल्टरमधली चित्रे शेजारी ठेवा. सावली सगळ्यांत काळीच राहते. ढगाचा गडदपणा फिल्टर बदलला की बदलतो.

प्रश्न : गुरूभोवती फिरणाऱ्या नासाच्या जूनो यानाच्या कॅमेऱ्याचे कच्चे चित्र उतरवून घेतले, तर नुसती करड्या पट्ट्यांची चळत मिळाली. त्या जोडून रंगीत गुरू केला, पण कडेला निळी-तांबडी किनार येते. कुठे चुकते आहे?

उत्तर : चूक जोडण्याच्या पद्धतीत आहे. जूनो स्वतःभोवती मिनिटाला सुमारे दोन फेऱ्या मारतो आणि त्या फिरण्याच्या ओघातच कॅमेरा चित्र टिपतो. निळा, हिरवा आणि तांबडा हे फिल्टर संवेदकावर पट्ट्यांसारखे एकाशेजारी एक बसवलेले आहेत. त्यामुळे एकाच क्षणी तीन रंगांत तीन वेगळ्या जागा टिपल्या जातात.

कच्चे चित्र १६४८ पिक्सेल रुंद असते. ते वरून खाली १२८ ओळींचे तुकडे करून कापा. तुकड्यांचा क्रम निळा, हिरवा, तांबडा, पुन्हा निळा असा असतो. अशा तीन तुकड्यांच्या दोन संचांमध्ये सुमारे ०.३७ सेकंद जातात. नेमका आकडा चित्रासोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये मिळतो, तोच वापरा. तेवढ्या वेळात यान साधारण ४.४ अंश फिरते आणि एक तुकडा सुमारे ४.९ अंश व्यापतो. म्हणून एकाच रंगाचे लागोपाठचे तुकडे डझनभर ओळींनी एकमेकांवर चढतात. जोड तपासायला हाच भाग उपयोगी पडतो.

तुमची किनार येते ती इथे : तुकडे नुसते सरकवून जुळवले, तर यानाचा प्रवास हिशेबात येतच नाही. गुरूच्या सर्वांत जवळ असताना जूनोचा वेग सेकंदाला सुमारे ५८ किमी असतो. ०.३७ सेकंदात यान २१ किमी पुढे जाते. ढगांपासून ५,००० किमी उंचीवर एक पिक्सेल सुमारे ३.४ किमीचा, म्हणजे तेवढ्यात सहा पिक्सेलची सरक. त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या क्षणाला यान कुठे होते आणि कोणत्या दिशेला वळले होते, हे नासाच्या स्पाइस फाइलींमधून (यानाची जागा आणि दिशा नोंदवणाऱ्या) घ्या आणि प्रत्येक पिक्सेल गुरूच्या चपट्या गोलावर टाका. गोल म्हणजे खरा गोल धरू नका : विषुववृत्तावरचा व्यास १,४२,९८४ किमी, ध्रुवांमधला १,३३,७०८ किमी. हा फरक विसरलात, तर कड कधीच बसणार नाही.

त्याआधी आणखी एक काम करायचे. पिक्सेलच्या उजळपणाचे १२ बिटचे आकडे वर्गमुळाच्या धर्तीवर आवळून ८ बिटमध्ये पाठवलेले असतात. ते उलटे उलगडल्याशिवाय रंगांचा तोल साधू नका, नाहीतर चित्र फिकट, धुवट दिसते. उन्हाच्या तिरपेपणाची भरपाई करताना दिवस-रात्रीच्या सीमेजवळ हात आखडता घ्या. तिथे प्रकाश इतका कमी असतो की भागाकाराने नुसता गोंगाट (चित्रातले निरर्थक ठिपके) फुगतो आणि सीमेवर खोटा उजळ पट्टा उमटतो.

प्रश्न : आयोच्या कडेवर फिकट उंचवटा दिसला, तर तो ज्वालामुखीचा फवारा म्हणता येईल का? उंची कशी मोजायची?

उत्तर : आधी किरणोत्साराचा डाग वगळा. गुरूभोवतीचे वेगवान कण संवेदकावर आदळले की पांढरे ठिपके उमटतात, पण ते एकाच रंगाच्या तुकड्यात असतात आणि पुढच्या फेरीत त्याच जागी राहत नाहीत. फवारा तिन्ही रंगांत, लागोपाठच्या चित्रांत टिकतो.

मोजायला आयोच्या उजळ कडेवर वर्तुळ बसवा. आयोचा व्यास ३,६४३ किमी. वर्तुळाचा व्यास ३६० पिक्सेल आला, तर एक पिक्सेल सुमारे १० किमीचा. कडेबाहेर ८ पिक्सेल म्हणजे ८० किमी. ही किमान उंची समजा. फवाऱ्याचे मूळ कडेपासून १० अंश मागे किंवा पुढे असेल, तर ८० किमीचा फवारा जेमतेम ५१ किमी दिसतो.

दिवस-रात्रीच्या सीमेपलीकडच्या अंधारातला एकटा उजळ ठिपकाही सोडू नका. उंच गेलेल्या धुळीला आणि वायूला ऊन लागते, खालची जमीन रात्रीत असते. व्हॉयेजर १ यानाने ८ मार्च १९७९ रोजी मार्गदर्शनासाठी घेतलेले जास्त उजळ चित्र यानाच्या मार्गदर्शन चमूतल्या लिंडा मोराबिटो यांनी ९ मार्चला पाहिले, तेव्हा दोन्ही खुणा त्यात होत्या : कडेवर पेले या ज्वालामुखीचा फवारा, सीमेवर लोकी या ज्वालामुखीचा. मागून दुसरा चंद्र डोकावत नाही ना, हे त्यांनी आधी तपासले. ती सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

प्रश्न : गुरूचे ध्रुव निळे आणि आयो पिवळाधमक, हे रंग खरे का?

उत्तर : ध्रुवांचा गडद निळा रंग बहुतेक वेळा फरक उठून दिसावा म्हणून वाढवलेला असतो. आयोवर पिवळे गंधक, पांढरे सल्फर डायऑक्साइडचे हिम आणि पेलेभोवती तांबडे कडे खरोखर आहे, पण डोळ्यांना ते फिकट वाटेल. काळे भाग बहुधा सिलिकेट लाव्हारसाचे, आपल्या सह्याद्रीच्या कातळाच्या नात्यातले. नवा काळा डाग दिसला म्हणून नवा उद्रेक समजण्याआधी सारख्याच उन्हात, सारख्याच कोनातून घेतलेले जुने चित्र शोधा, कारण हिमाची चमक कोनाबरोबर बदलते. १९९७ च्या एप्रिल ते सप्टेंबरदरम्यान गॅलिलिओ यानाच्या चित्रांत पेलेच्या कड्यावर सुमारे ४०० किमी रुंद काळा डाग आला, तो पिलान या ज्वालामुखीच्या उद्रेकाचा होता. दोन्ही वेळची चित्रे शेजारी ठेवल्यावर डागाखाली झाकला गेलेला कड्याचा भाग स्पष्ट दिसतो.