घरचं फोटो-पोस्टकार्ड: आधी पाठ ठरवा, मग फोटो

तुमचे प्रश्न दोन. घरच्या डार्करूममध्ये आर.सी. (रेझिन-कोटेड, म्हणजे प्लॅस्टिकचा थर दिलेल्या) कागदावर छापलेल्या कार्डांच्या पाठीवर जेलपेनचा मजकूर तासाभराने हात लावला तरी पुसतो, बॉलपेन मधेच उमटायचं थांबतं आणि एका कार्डावरचा पत्ता पोचेपर्यंत फरफटला. मग कागद बदलावा की पेन? दुसरं, फोटोवरच पांढऱ्या अक्षरांत ठिकाणाचं नाव कसं आणायचं?

पहिल्याचं उत्तर असं की कागद आणि पेन एकत्रच ठरवायचे, आणि तेही निगेटिव्ह निवडायच्या आधी. पोस्टकार्ड म्हणजे पत्र आहे. घरी छापणारे बहुतेक जण सगळा जीव पुढच्या बाजूत ओततात आणि पाठ ऐनवेळी आठवते, तिथेच घोटाळा होतो.

आर.सी. कागदाला दोन्ही बाजूंनी पॉलिइथिलीनचा पातळ थर असतो. त्यामुळे रसायनं आतल्या कागदात शिरत नाहीत आणि प्रिंट दोन मिनिटांत धुऊन होतं. पण तोच थर शाईलाही आत घेत नाही. जेलपेनची किंवा फाउंटन पेनची शाई कागदात मुरून वाळते, इथे मुरायला वावच नाही. बॉलपेनची गोळी फिरायला खरखरीत पृष्ठभाग लागतो, गुळगुळीत थरावर ती नुसती घसरते. इलफर्ड कंपनीचा ‘मल्टिग्रेड’ आर.सी. कागद पोस्टकार्डाच्या आकारात, मागे पोस्टकार्डाच्या रेषा छापलेला मिळतो. पत्त्याची जागा नीट आखलेली असते ही सोय चांगली, पण कागद आर.सी.च असल्याने तुमची अडचण त्याने सुटणार नाही.

आर.सी.च वापरायचा असेल तर स्पिरिटवर आधारलेल्या शाईचं बारीक टोकाचं परमनंट पेन घ्या, लुमोकलरसारखं. त्यातलं द्रावण उडून जातं, म्हणून ती शाई न मुरताही वाळते. लिहिल्यावर कार्डं लगेच एकावर एक रचू नका, नाहीतर खालच्याची शाई वरच्याच्या फोटोवर उमटेल. रबरी शिक्का मारणार असाल तर साध्या स्टॅम्पपॅडची शाई वाळत नाही, स्टेझऑनसारखी स्पिरिटची शाई लागेल. गोंद ओला करून लावायचं तिकीटही या पाठीवर धड धरत नाही, स्वतः चिकटणारं तिकीट बघा. हे सगळं टाळायचं तर पूर्ण पाठीच्या मापाचं साधं कागदी लेबल चिकटवा आणि हव्या त्या पेनाने लिहा. दिसायला फार देखणं नाही, पण पत्ता शाबूत पोचतो.

माझं मत मात्र स्पष्ट आहे: पोस्टकार्डासाठी फायबर कागद, म्हणजे प्लॅस्टिकचा थर नसलेला फोटो-कागद. त्याची पाठ म्हणजे निव्वळ कागद. पेन्सिल, पिगमेंट शाईचं (पाण्यात न पसरणाऱ्या, रंगकणांच्या शाईचं) पेन, टाक आणि इंडियन इंक, सगळं त्यावर सुखाने चालतं आणि तिकीटही घट्ट बसतं. फाउंटन पेनची शाई थोडी फुटू शकते, शिवाय पाण्याचा थेंब पडला की पसरते. म्हणून निदान पत्ता तरी पिगमेंट शाईत लिहा. वजनातही फरक जाणवतो: मल्टिग्रेड फायबर चौरस मीटरला २५५ ग्रॅमच्या आसपास असतो, नेहमीचा आर.सी. १९० च्या. हातात घेतल्यावर ते कार्ड वाटतं, फोटो वाटत नाही.

त्यासाठी वेळ मोजावा लागतो. आर.सी.ला २० अंश सेल्सिअसला एक मिनिट डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण), दहा सेकंद स्टॉप (ती क्रिया थांबवणारं), अर्धा मिनिट रॅपिड फिक्सर (चित्र पक्कं करणारं) आणि दोन मिनिटं पाणी पुरतं. फायबरला दोन मिनिटं डेव्हलपर, तेवढाच स्टॉप, एक मिनिट फिक्सर, मग पाच मिनिटं पाणी, दहा मिनिटं वॉशएड (फिक्सर लवकर धुऊन जावा म्हणून वापरायचं द्रावण) आणि पुन्हा पाच मिनिटं वाहतं पाणी. वॉशएड नसेल तर तासभर धुवा. इथे घाई नको, कारण कागदाच्या तंतूंत राहिलेला हायपो (फिक्सर) पुढे पिवळे-तपकिरी डाग पाडतो, आणि ही वस्तू कुणीतरी वर्षानुवर्षं हाताळणार आहे. वाळताना फायबर इमल्शनच्या (ज्या थरात फोटो उमटतो त्याच्या) बाजूला वळतो. जाळीवर उलटं ठेवून वाळवा, मग स्वच्छ कागदांमध्ये घालून जड पुस्तकांखाली दोन-तीन दिवस दाबून ठेवा. दाबल्याशिवाय लिहायला घेऊ नका.

लिहिताना खाली काच किंवा तसलंच काही कडक घ्या. कार्डांच्या गठ्ठ्यावर ठेवून बॉलपेन दाबलं की अक्षरांचे वळ पुढे फोटोत उठतात आणि तिरप्या उजेडात आकाशभर पत्ता दिसतो. छापण्याआधी कोऱ्या कागदाच्या पाठीवर खूण करायची असेल तर मऊ पेन्सिल अगदी हलकी टेकवा. दाबाची खूणसुद्धा इमल्शनवर राहते आणि डेव्हलपरमध्ये उमटू शकते.

मापाबद्दल थोडक्यात. ३५ मिमीची चौकट २४ × ३६ मिमी, म्हणजे २:३, आणि ४ × ६ इंचाचं प्रमाणही तेच. त्यामुळे काहीही न कापता अख्खी चौकट कार्डावर येते. ८ × १० च्या एका तावातून अशी तीन कार्डं निघतात आणि उरलेली २ × ४ ची पट्टी टेस्ट स्ट्रिपला, म्हणजे एक्स्पोजर आजमावून बघायला, उपयोगी पडते.

आता पुढच्या बाजूची अक्षरं. कोडॅकने १९०३ मध्ये ३ए फोल्डिंग पॉकेट कॅमेरा काढला. त्याची निगेटिव्ह ३¼ × ५½ इंच, म्हणजे थेट पोस्टकार्डाच्या मापाची होती, आणि ती कागदावर टेकवून छापली की कार्ड तयार. ठिकाणाचं नाव निगेटिव्हवरच काळ्या शाईने लिहीत, ते प्रिंटवर पांढरं येई. इमल्शनच्या बाजूने लिहायचं तर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी काढावी लागत, म्हणून जुन्या कार्डांवर उलटा एन किंवा एस हमखास सापडतो. मला ती उलटी अक्षरं फार आवडतात, लिहिणाऱ्याचा हात त्यांत दिसतो.

३५ मिमीच्या निगेटिव्हवर इतकं बारीक लिहिणं शक्य नाही, पण तोच परिणाम पारदर्शक फिल्मने मिळतो. कार्डाएवढी स्वच्छ फिल्म घ्या, तिच्यावर काळ्या शाईने सुलट लिहा, ईझलवर (छापताना कागद धरून ठेवणाऱ्या चौकटीत) कागदावर ठेवा, वरून काच दाबा आणि नेहमीसारखं एक्स्पोजर द्या. फिल्म कार्डापेक्षा लहान नको, तिची कड प्रिंटवर रेघ होऊन येते. शाई अपारदर्शक हवी. साध्या मार्करची अक्षरं डोळ्याला काळी दिसली तरी त्यांतून उजेड झिरपतो आणि ती राखाडी येतात. फिल्म दिव्यासमोर धरून खात्री करा. आणि नाव फोटोच्या गडद भागावर घ्या, फिक्या आकाशात पांढरं अक्षर हरवतं. तिथे काळी अक्षरं हवी असतील तर उलटं करा: काळ्या पार्श्वभूमीवर पारदर्शक अक्षरांची फिल्म लेझर प्रिंटरवर काढा आणि निगेटिव्ह बाजूला ठेवून तिच्यातून दुसरं एक्स्पोजर द्या.

तयार प्रिंटवरही लिहिता येतं. काळेपणा उडवणाऱ्या पोटॅशियम फेरिसायनाइडच्या सौम्य द्रावणात बारीक ब्रश बुडवून, पाणी निथळवलेल्या ओलसर प्रिंटच्या काळ्या भागावर अक्षरं काढा, पुन्हा फिक्स करा आणि पूर्ण धुवा. ब्रशला धातूची पट्टी नको, लोखंडाशी संबंध आला की निळे डाग पडतात. हे रसायन तीव्र आम्लाजवळ अजिबात आणू नका, विषारी वायू सुटतो. हात बसायला वेळ लागतो, पण प्रत्येक कार्ड वेगळं होतं. ज्याला लिहायचं त्याचंच नाव फोटोत उमटवता येतं.

सगळ्यात सोपा मार्ग पांढऱ्या कडेचा. इमल्शन म्हणजे जिलेटिन, ते पाणी शोषतं. त्यामुळे जी पाण्यातली शाई आर.सी.च्या पाठीवर घसरते, तीच पुढच्या बाजूला मुरते. स्पॉटिंगचे (प्रिंटवरचे पांढरे ठिपके झाकायचे) रंग याच गुणावर चालतात. मॅट कागदावर शाई लगेच बसते, चकचकीतवर थेंब होऊन थांबते. अमेरिकेत १९०७ पर्यंत पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायला परवानगीच नव्हती, तेव्हा लोक फोटोच्या कडेलाच चार ओळी लिहीत. ईझलची एक पाती आत सरकवून खाली दोन सेंटिमीटर कोरं ठेवलं की तुम्हालाही ते जमेल.

पंचवीस कार्डं छापायला घेण्याआधी एक कार्ड स्वतःच्याच पत्त्यावर टाका, पाकिटाशिवाय. आल्यावर पत्ता, तिकिटावरचा शिक्का, कोपरे आणि फोटोवरचे ओरखडे बघा. शाई पसरली असेल तर पेन बदला, कोपरे दुमडले असतील तर जाड कागद घ्या, आणि फोटो खरचटला असेल तर चकचकीत सोडून मॅट किंवा पर्ल पोत निवडा.